पहाटेचा कौल

माणसं काही लपवायला लागली की आधी त्यांचा आवाज खाली येतो, हे मी नोकरीत शिकले. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात, दक्षता विभागात मी वीस वर्षं काढली. तक्रार आली की फाइल मागवायची, पानं मोजायची, कुठलं मागाहून घुसवलंय आणि कुठलं गायब केलंय ते शोधायचं. असं काम इतकी वर्षं केलं की ते घरीही उतरतं. नवरा म्हणायचा, तुला कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तरी तू आधी विचार करतेस, याला माझ्याकडून काय हवंय. तो चेष्टेत म्हणायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं.

त्यामुळे आजार उलटला तेव्हा मी सगळ्यात आधी घरच्यांवर संशय घेतला.

पहिल्या वेळी मानेजवळ गाठ आली होती. लिम्फोमा निघाला, सहा केमो झाल्या, स्कॅन स्वच्छ आला आणि आम्ही गुरुग्रामच्या आमच्या सोसायटीत अठराव्या मजल्यापासून खालपर्यंत पेढे वाटले. वर्ष पुरं व्हायच्या आत गाठ परत आली, या वेळी काखेत. डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलं. आता आधीपेक्षा कडक केमो द्यायची, तिला गाठींनी दाद दिली तर माझ्याच पेशी काढून ठेवायच्या, आणखी जबर औषधं देऊन सगळं धुऊन काढायचं आणि त्या पेशी परत चढवायच्या. दाद दिली नाही तर पुढचं पुढे बघू. "सोचकर मंडे तक बता दीजिए," ते म्हणाले, आणि उठता उठता म्हणाले की आपण चांगल्याची आशा ठेवू या. पहिल्या वेळी हे वाक्य त्यांनी म्हटलं नव्हतं. माझ्या ते बरोबर लक्षात राहिलं.

मला हे सगळं नको होतं, हे इथंच सांगून टाकते. सहा केमोंनी माझं तोंड आतून सोलून काढलं होतं. पाणी पिताना मी रडायचे. केस गेले त्याचं काही वाटलं नाही, पण मुलीनं माझ्या जवळ यायला घाबरावं, हे फार लागलं. आणि ते सगळं सोसून हाती काय आलं, तर अकरा महिने. आता कुणी आशा म्हटलं की मला लाच देऊ केल्यासारखं वाटायचं. सोमवारी जाऊन नाही म्हणायचं, हे मी मनात जवळजवळ पक्कं केलं होतं. फक्त एक गोष्ट कळायची राहिली होती. डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते पूर्ण होतं, की नवऱ्याला वेगळं काही सांगितलं होतं?

कारण घरातले आवाज खाली आले होते.

नवरा मानेसरला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम बघतो. एरवी आठ वाजता बाहेर पडला की रात्रीच्या जेवणाला उगवणारा माणूस, तो संध्याकाळी सहालाच घरी यायला लागला. आल्यावर फोन कानाला लावून बाल्कनीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. डिसेंबरचे दिवस, बाहेर धुराचं दाट धुकं, आत हवा शुद्ध करायचं यंत्र घुरघुरतंय, आणि हा दमेकरी माणूस बाहेर उभा राहून अर्धा अर्धा तास बोलतोय. काचेतून फक्त पाठ दिसायची. कोणाशी बोलत होतास, म्हणून विचारलं की म्हणायचा, प्लांटमधून होता. प्लांटशी बोलताना हा माणूस ओरडतो. हे मला ठाऊक होतं.

मुलगी अकरावीत. ती एकाएकी शहाण्यासारखी वागायला लागली, स्वतःचं ताट स्वतः घासायला लागली. पार्किंगवरून माझ्याशी तीन वर्षं भांडत आलेल्या खालच्या बाईंनी लिफ्टमध्ये माझा हात हातात घेतला. ऑफिसातली एक मैत्रीण आहे, मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती. आम्ही दोघी महिन्यातून एकदा दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये थालीपीठ खायला जातो. या महिन्यात गेलो त्या दिवशी तिनं खाणं अर्धं टाकलं आणि म्हणाली, "मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते गं." मी लगेच विचारलं, का, तुझ्या कानावर काय आलंय? ती बिचारी गोंधळली. माझ्यासाठी देवापुढे हात जोडणाऱ्या बाईची मी थालीपीठ पुढ्यात असताना उलटतपासणी घेतली. आज आठवलं की लाज वाटते, त्या दिवशी मात्र वाटली नव्हती.

आणि मग सासूबाईंचा कौल.

सासूबाई कोकणातल्या. त्यांचे वडील गावच्या देवळात कौल लावायचे. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक फूल चिकटवायचं, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. पाणी सुकत आलं की फुलं गळतात. उजवीकडचं आधी पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. लग्न, जमीन, दुखणी, बैलाची खरेदी, सगळं या दोन फुलांवर ठरायचं. लग्न होऊन सासूबाई दिल्लीला आल्या, सासऱ्यांच्या सरकारी क्वार्टरांतून फिरत राहिल्या, पण माहेरून आणलेली वीतभर उंचीची काळी मूर्ती त्यांनी प्रत्येक घरात बरोबर नेली. आता ती आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या कपाटात बसते. एरवी त्या कौल क्वचितच लावायच्या. माझी गाठ परत आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज लावायला लागल्या.

सकाळी आठला, नवरा निघायच्या आधी, आम्ही सगळे ओट्याशी उभे. खालच्या बागेतली दोन तगरीची फुलं, देवाच्या खांद्यांवर. पहिल्या दिवशी मुलीनं विचारलं, "आजी, राइट म्हणजे किसका राइट? देवाचा की आपला?" सासूबाई म्हणाल्या, "देवाचा. आपल्याला कोण विचारतो." त्या दिवशी उजवं फूल पडलं. नवऱ्यानं मोठा श्वास सोडला आणि डबा उचलला. दुसऱ्या दिवशी उजवं. तिसऱ्या दिवशी उजवं. नवरा इंजिनिअर, दिवसभर मायक्रॉननी मोजमापं करणारा. पण उजवं फूल पडल्याशिवाय तो बुटात पाय घालेना. मुलगी शाळेतल्या मैत्रिणींना मेसेज करायची की आज पण यस आलं.

मी मोजत होते. दहाव्या दिवशी दहावं उजवं फूल पडलं तेव्हा मला जे वाटलं त्याला भक्ती म्हणत नाहीत. ओळीनं दहा निविदांत एकाच माणसाला काम मिळालं की आम्ही फाइल उघडतो. अकराव्या दिवशी मी चष्मा लावून ओट्याच्या अगदी जवळ उभी राहिले. सासूबाईंनी उजवं फूल पाण्यात बुडवून चिकटवलं. डावं फूल चिकटवताना त्यांचं बोट आधी सहाणेवरून फिरलं. डाव्या फुलाखाली गंध होतं, घट्ट उगाळलेलं. ते फूल संध्याकाळपर्यंत हललं नसतं.

मी चष्मा उतरवून ठेवला. आरोपीला आपण पकडलंय हे लगेच कळू द्यायचं नसतं. साधा हिशेब होता. निकाल फिरवायची गरज कुणाला पडते? ज्याला खरा निकाल कळलेला असतो त्याला. या बाईला काहीतरी माहीत होतं. म्हणजे नवऱ्याला माहीत होतं, बाल्कनीत तो त्याबद्दलच बोलत होता, आणि मला सोडून सगळ्या घरानं ते वाटून घेतलं होतं. आपल्याकडे रोग्याला खरं सांगत नाहीत. माझ्या स्वतःच्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत अल्सर म्हणूनच सांगितलं होतं. ते नाटक मीच बसवलं होतं, त्यामुळे त्यातले सगळे प्रवेश मला पाठ होते.

शुक्रवारी पुरावा मिळाला. माझ्या आजाराची फाइल मी ऑफिसच्या पद्धतीनं ठेवते. कागद आला की उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं पान क्रमांक घालायचा. नवरा हसायचा, म्हणायचा स्वतःच्या कॅन्सरवर पण नोटिंग करशील. शुक्रवारी संध्याकाळी, सोमवारी बरोबर न्यायची म्हणून फाइल बाहेर काढली आणि सवयीनं पानं मोजली. एकतीस नंबरचं पान नव्हतं. तीसनंतर थेट बत्तीस.

मी पुन्हा मोजलं. दोन पानं चिकटली असतील म्हणून अंगठ्यानं चोळून बघितली. मग नवऱ्याची बॅग, त्याचा खण, गाडीतला कप्पा, मुलीची वह्या-पुस्तकं. शेवटी जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, माझ्या फाइलमधून काही काढलंयस का. घास त्याच्या तोंडात तसाच राहिला. नाही म्हणाला आणि पाणी प्यायला. नाही म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

कुणीही विचारेल की मग दवाखान्यातून दुसरी प्रत का नाही मागवली? एक फोन केला असता तर मिळाली असती. दुसऱ्याच्या फाइलमधलं गायब पान मी पाताळातून काढलं असतं. स्वतःचं पान मागवायला मात्र माझा हात धजला नाही. एकतीसवर काय असेल ते मी शुक्रवारपासून मनातच लिहीत होते आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईट होत होतं. शनिवारी मी साड्यांचं कपाट उघडलं. मुलीच्या लग्नात कुठली साडी तिला द्यायची, तेही ठरवून झालं. सोमवारी नाही म्हणायचं, हे आता पक्कं झालं. ज्या लढाईचा निकाल घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत आहे ती मी एकटीनं काय म्हणून लढायची?

रविवारी पहाटे पाचच्या सुमारास जाग आली. काख ठणकत होती. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला, मग लाकडी स्टूल ओढल्याचा. मी उठले आणि चपला न घालता गेले. दाराशी थांबले, कारण आतलं बोलणं ऐकायचं होतं. खोटं कशाला सांगू.

सासूबाई देवाच्या कपाटासमोर स्टुलावर बसल्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही. अंगावर शाल, डोक्यावर माकडटोपी, समोर समई. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलं होती. सहाण कोरडी, पालथी ठेवलेली होती. "बा देवा म्हाराजा," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या माहेरच्या बोलीत हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिल्या. मला तुकडे ऐकू येत होते. माझं नाव येत होतं, मुलीचं येत होतं. मग हात मांडीवर ठेवून बघत बसल्या. मीही बघत उभी राहिले. फरशी बर्फासारखी गार होती तरी पाय हलेना.

डावं फूल पडलं.

सासूबाईंनी ते उचलून डोळ्यांना लावलं आणि बाजूला ठेवलं. मग देवाखालच्या लाल वस्त्राची कड उचलली, तिथून घडी घातलेला कागद काढला, कपाळाला टेकवला आणि परत सरकवायला लागल्या. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं.

"आई, तो कागद द्या," मी म्हणाले.

त्या दचकल्या नाहीत. मान वळवून बघितलं आणि म्हणाल्या की पायात काहीतरी घाल आधी. मी हात पुढे केलेला तसाच ठेवला. त्यांनी कागद दिला.

एकतीस नंबरचंच पान होतं. घडी उलगडली. समईजवळ धरून वाचलं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की केमोच्या काळात रुग्णानं काय खावं. कच्ची कोशिंबीर नको. बाहेरचा रस नको. दही घरचंच असावं. खाली आहारतज्ज्ञाची सही आणि तिच्यावर भला मोठा गोल शिक्का.

बाकी त्यात काहीही नव्हतं. मी उलट बाजूही बघितली, कोरी होती.

सासूबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्या सांगायला लागल्या, अगदी सहज. दहावीला माझ्या नवऱ्याचं हॉल तिकीट त्यांनी देवापुढे ठेवलं होतं, त्याच्या नोकरीचा अर्ज ठेवला होता, आमच्या लग्नाची पहिली पत्रिका ठेवली होती, मग माझ्या दुखण्याचा कागद नको का ठेवायला? फाइलमधून कुठला घ्यावा ते कळेना. विचारलं असतं तर मी चिडले असते. मग ज्याच्यावर सगळ्यात मोठा शिक्का होता तो घेतला. "म्हटलं, हाच मुख्य असणार," त्या म्हणाल्या.

मी मटकन खाली बसले, त्या गार फरशीवर, आणि हसायला लागले. दोन दिवस मी ज्या कागदापायी मेले होते तो दह्याचा कागद होता. आणि तीन आठवडे आमचा देव माझ्या पथ्यपाण्यावर बसून होता. हसता हसता रडू आलं, तेही थांबेना. सासूबाईंनी शाल काढून माझ्या अंगावर टाकली. पण मी इतक्या सहज सोडणारी बाई नाही. डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न विचारला. आत्ता डावा कौल पडला तो मी बघितलाय, आणि आठ वाजता तुम्ही गंध लावता तेही बघितलंय, असं म्हटलं.

"बघितलंस होय," त्या म्हणाल्या. त्यांना बरंच वाटल्यासारखं दिसलं.

मग कळलं ते असं. पहिल्या दिवसापासून त्या पहाटे एकट्या खरा कौल लावत होत्या. कधी उजवा पडे, कधी डावा, डावाच जास्त वेळा. आठ वाजताचा घरच्यांसाठी होता. माझा मुलगा त्या कौलावर दोन घास खाऊन कामावर जातो, पोरगी शाळेत जाते, त्यांना उपाशी कशाला पाठवू, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, देवाच्या नावावर खोटं करताना भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, त्याच्यापासून काय लपवलंय, गंध त्याच्या डोळ्यांसमोरच तर लावते.

"आणि पहाटे डावा पडला की काय करता?"

"काय करणार?" त्या म्हणाल्या. "पूजा करते. त्याची आंघोळ राहिलेली असते."

या बाईला मी वीस वर्षं भोळी समजत होते. मला वाटायचं, श्रद्धा म्हणजे कुणीही काहीही सांगावं आणि माणसानं ते खरं मानावं, आणि ते मला या जन्मी जमणार नाही. इथं ही बाई रोज पहाटे माझ्याइतकीच कडक चौकशी करत होती, समोरून नकार ऐकत होती, आणि ऐकून घेऊन पाणी तापवायला उठत होती. मला तर एका गायब पानाचा नकारही पचला नव्हता.

राग येत नाही का, विचारलं. येतो की, म्हणाल्या. परवा ओळीनं चौथा डावा पडला तेव्हा पाणी तापवलंच नाही, या थंडीत नळाच्या पाण्यानं आंघोळ घातली त्याला. मग दिवसभर चैन पडेना. दुपारी त्याच्या अंगावर लोकरीचं वस्त्र घातलं. मी बघितलं, देवाच्या कमरेभोवती खरंच माझ्या मुलीच्या लहानपणच्या स्वेटरचा तुकडा होता.

मग त्यांनी माझा हात धरला आणि एकच गोष्ट म्हणाल्या. "तो नाही म्हणाला म्हणून मी उठून जाऊ कुठे? मला दुसरं दार माहीत नाही. तूही उद्या उठून जाऊ नकोस." मी सोमवारी नाही म्हणणार आहे हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्यांनी ते कशावरून ओळखलं, हे मी आजतागायत विचारलेलं नाही. सगळ्याच गोष्टींची चौकशी करायची नसते, एवढं त्या पहाटे शिकले.

नवरा उठल्यावर त्याला एकच प्रश्न विचारला, बाल्कनीत कोणाशी बोलतोस? तो आधी प्लांट म्हणाला. मी फोन मागितला. त्यानं दिला. त्या वेळांचे एकही कॉल त्यात नव्हते. फोन नुसता कानाला लावून तो बाहेर रडत उभा राहायचा, घरातल्यांनी काचेतून बघितलं तर बोलतोय असं वाटावं म्हणून. लपवलेलं असं घरात एवढंच होतं. मी त्याला मिठी मारली आणि दोघं पुष्कळ रडलो. या घरात मी एकटी मरत नव्हते, सगळेच माझ्याबरोबर थोडे थोडे मरत होते, आणि मी त्यांचे जबाब घेत बसले होते. सोमवारी जाऊन डॉक्टरांना हो म्हटलं. बरं वाटेल असा विश्वास होता म्हणून नाही. तसा काही विश्वास मला आला नव्हता.

पुढचे दोन महिने कसे गेले ते फार लिहीत नाही. कडक केमो खरंच कडक होती. तोंड पुन्हा सोललं, या वेळी ऐकू येणंही काही दिवस कमी झालं. आठ वाजताचा कौल रोज उजवा पडत होता आणि मी तो सगळ्यांबरोबर उभी राहून बघत होते. सासूबाई आणि मी एकमेकींकडे बघायचं टाळायचो. पहाटेच्या कौलाचं मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मग स्कॅनचा दिवस आला. औषधाला गाठींनी दाद दिली की नाही, ते त्या दिवशी कळणार होतं. दिली असली तर पुढचं सगळं, नसली तर डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं. आदल्या दिवसापासून सासूबाई तापानं झोपून होत्या, उठून उभं राहवत नव्हतं. पहाटे त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, आज तू लाव. मी म्हटलं, मला गाऱ्हाणं येत नाही. "तुझ्या भाषेत बोल. ऑफिसात बोलतेस तसं बोल. त्याला सगळं कळतं," एवढं बोलून त्या भिंतीकडे वळल्या.

मी आंघोळ करून स्टुलावर बसले. सहाणेला हात लावला नाही. दोन्ही फुलं पाण्यात बुडवली आणि चिकटवली. दोन्हीकडचं पाणी सारखं आहे ना ते वाकून तपासलं, सवय कुठं जाते. काय बोलायचं ते सुचेना म्हणून नुसती बसून राहिले. समईची वात एकदा सारली. बाहेर उजाडायला लागलं होतं.

डावं फूल पडलं.

मला वाटलं होतं की मी घाबरेन. घाबरले नाही, चिडले. इतकी चिडले की कान तापले. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा देवाशी बोलले, खरोखर तोंड उघडून, ऑफिसात बोलते तशीच. म्हणाले, आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. माझं म्हणणं असं आहे की मला जगायचंय. मुलगी सतरा वर्षांची आहे. नवऱ्याला रडायलासुद्धा फोन लागतो. मला जगायचंय, आणि ते मी उद्या सांगायला येईन, परवा येईन, तू काहीही पाड. बोलता बोलता लक्षात आलं की मी हात जोडलेले आहेत. कधी जोडले ते कळलं नव्हतं.

मग पाणी तापवलं, पूजा केली, गंध उगाळून देवाच्या कपाळाला लावलं. हे सगळं होईपर्यंत साडेसात झाले. नवरा गाडीची किल्ली घेऊन दारात उभा होता, त्याच्यामागे मुलगी. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं आधी देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय पडला?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, आवाज जराही खाली येऊ दिला नाही, आणि म्हणाले, "उजवा."